सायनाइड : पोलादाच्या भट्टीतील विष आणि कामगाराचा श्वास

(भिलाई येथील कामगार अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मराठी पाठ)

सायनाइडचे नाव सर्वसामान्य माणसाच्या कानावर पडते ते बहुधा गुन्ह्याच्या बातमीतून. त्यामुळे हे विष एखाद्या खुन्याच्या खिशात किंवा सोनाराच्या कुलूपबंद कपाटातच असते, असा समज दृढ झालेला आहे. वस्तुतः आधुनिक उद्योग हे द्रव्य टनांनी निर्माण करतो आणि टनांनी वापरतो. काही उद्योगांत तर ते कोणी न मागता, मूळ प्रक्रियेच्या पोटातच तयार होते. पोलादाचा उद्योग या दुसऱ्या प्रकारात मोडतो. ज्या कामगाराने आयुष्यात सायनाइडची बाटली पाहिलेली नाही, तोही कोक भट्टीच्या वायुवाहिनीजवळ किंवा झोतभट्टीचा वायू धुणाऱ्या पाण्याजवळ या विषाच्या शेजारीच उभा असतो. म्हणून हे विष काय आहे, ते शरीरात काय करते, त्याचा उपयोग कोठे होतो आणि त्यापासून संरक्षण कसे करावे, या प्रश्नांचा विचार भिलाईसारख्या ठिकाणी केवळ ज्ञानासाठी करावयाचा नसून जीवितासाठी करावयाचा आहे.

विषाची ओळख

कार्बनचा एक अणू आणि नायट्रोजनचा एक अणू यांची घट्ट जोडी म्हणजे सायनाइड. ही जोडी हायड्रोजनशी संयोग पावली की हायड्रोजन सायनाइड हा वायू बनतो. तो सुमारे २६ अंश सेल्सियसला उकळतो. म्हणजे छत्तीसगढच्या उन्हाळ्यात तो द्रवरूपात टिकूच शकत नाही. ही जोडी सोडियम किंवा पोटॅशियमशी संयोग पावली की मिठासारखे पांढरे क्षार मिळतात. हे क्षार अल्कधर्मी द्रावणात बऱ्यापैकी स्थिर राहतात, परंतु आम्लाचा स्पर्श होताच त्यांतून विषारी वायू बाहेर पडतो. सायनाइड आणि आम्ल एका छपराखाली ठेवू नये, हा या उद्योगातील पहिला नियम याच रासायनिक सत्यातून आला आहे.

या विषाचे नाव निळ्या रंगावरून पडले. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिन येथे एक गडद निळे रंगद्रव्य तयार झाले. ते 'प्रशियन ब्लू' या नावाने जगभर गेले. स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शीले याने १७८२ साली त्याच रंगापासून हायड्रोजन सायनाइडचे आम्ल वेगळे केले. निळ्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दापासून 'सायनाइड' हे नाव रूढ झाले. विशेष म्हणजे तो निळा रंग स्वतः फारसा विषारी नाही, कारण त्यातील सायनाइड लोहाच्या अणूशी घट्ट जखडलेले असते. लोहाविषयीची ही ओढ लक्षात ठेवली पाहिजे. या विषाच्या मारकतेचे आणि त्यावरील एका उताऱ्याचेही रहस्य तीतच आहे.

निसर्गालाही हे द्रव्य अपरिचित नाही. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला ते वेगळ्या रूपात ठाऊक आहे. कोवळी ज्वारी, विशेषतः पावसाने ताण दिलेली किंवा कापणीनंतर खुंटावर पुन्हा फुटलेली, जनावराने खाल्ली की काही मिनिटांत ते धापा टाकू लागते, कोसळते आणि अनेकदा मरते. ज्वारीच्या कोवळ्या पानांत धुरीन नावाचे द्रव्य असते. ते चावले गेले की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटते. पीक फुलोऱ्यावर येईपर्यंत हे प्रमाण बरेच उतरते, म्हणून जाणता शेतकरी कोवळ्या ज्वारीत गुरे सोडत नाही. उपवासाचा साबुदाणा ज्या कंदापासून बनतो त्या टॅपिओकातही असेच द्रव्य आहे. किसणे, धुणे, मुरवणे आणि वाळवणे या क्रियांत ते निघून जाते. १९८१ साली दुष्काळाने पोळलेल्या मोझांबिकमध्ये हा कंद पुरेसा भिजवण्या-वाळवण्याइतका अवधीही भुकेल्या कुटुंबांना मिळाला नाही. परिणामी एक हजाराहून अधिक माणसांचे, त्यांतही मुख्यतः स्त्रियांचे व मुलांचे, पाय कायमचे लुळे पडले. एकच कंद सुखवस्तू घरी अन्न ठरतो आणि उपाशी घरी विष ठरतो. विषाचे प्रमाण रसायनशास्त्र सांगते; ते कोणाच्या पोटात जावयाचे हे मात्र समाजव्यवस्था ठरविते.

शरीरात काय घडते

मनुष्य श्वास घेतो तेव्हा फुप्फुसातील प्राणवायू रक्तातील हिमोग्लोबिनवर चढतो आणि शरीराच्या प्रत्येक पेशीपर्यंत जातो. पेशीच्या आत सायटोक्रोम ऑक्सिडेझ नावाचे एक विकर असते. त्याच्या साहाय्याने पेशी प्राणवायूचा उपयोग करून ऊर्जा मिळविते. या विकराच्या मध्यभागी लोहाचा अणू असतो. सायनाइड नेमके त्याच लोहाला जाऊन चिकटते आणि विकराचे काम थांबविते.

दल्लीराजहऱ्याच्या खाणीतून लोहखनिज घेऊन येणाऱ्या मालगाडीची उपमा येथे उपयोगी पडेल. कार्बन मोनॉक्साइड हा वायू ती गाडीच बळकावतो. हिमोग्लोबिनशी त्याची जवळीक प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक असल्यामुळे प्राणवायूला वाघिणीत जागाच मिळत नाही. सायनाइडचा मार्ग वेगळा आहे. त्याच्या विषबाधेत गाडी भरून येते, कारखान्याच्या दारात उभी राहते, परंतु भट्टीचे तोंडच बंद असते. प्राणवायू रक्तात भरपूर आणि पेशी मात्र गुदमरलेली, अशी ही विलक्षण अवस्था असते. म्हणूनच अशा रोग्याच्या नीलेतील रक्तही पुष्कळदा लालभडक दिसते.

सर्वांत आधी मार बसतो तो मेंदूला आणि हृदयाला, कारण प्राणवायूची गरज त्यांनाच सर्वाधिक असते. प्रथम डोकेदुखी, चक्कर, मळमळ, छातीत धडधड आणि जलद श्वास. त्यानंतर गोंधळ, झटके, बेशुद्धी आणि श्वास बंद पडणे, असा क्रम असतो. हवेत दहा लाख भागांत सुमारे २७० भाग हायड्रोजन सायनाइड असल्यास मृत्यू जवळजवळ तत्काळ येतो. शंभराच्या थोड्या वर प्रमाण असल्यास अर्ध्या ते एका तासात जीव जाऊ शकतो. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने ५० भाग ही पातळी जीविताला तात्काळ धोकादायक मानली आहे आणि अल्पकाळच्या कामासाठी ४.७ भागांपलीकडे जाऊ नये असे सुचविले आहे. हा वायू कातडीतूनही आत शिरतो. घामाने भिजलेल्या कामगाराला हा धोका अधिक.

कडू बदामासारखा वास आला की सायनाइड ओळखावे, असे पुस्तकांत लिहिलेले असते. या सूचनेवर विसंबणे घातक आहे. माणसांच्या मोठ्या हिश्शाला हा वास जन्मतःच येत नाही, आणि ज्यांना येतो त्यांचेही नाक थोड्या वेळाने बधिर होते. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही. तेव्हा नाक हे मोजण्याचे उपकरण नव्हे. मोजमाप यंत्रानेच झाले पाहिजे आणि ते यंत्र चालू स्थितीत असले पाहिजे.

अल्प प्रमाणातील सायनाइड शरीर स्वतः निकामी करू शकते. यकृतातील एक विकर त्याला गंधकाची जोड देऊन थायोसायनेट बनविते आणि ते लघवीवाटे बाहेर पडते. परंतु शरीरातील उपलब्ध गंधकाचा साठा मर्यादित असतो. थोडे विष रोज पचविणारे शरीर एकदम आलेल्या लोंढ्यापुढे हतबल होते.

पोलादाच्या कारखान्यात सायनाइड कोठून येते

भिलाईच्या कारखान्याचा करार भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला आणि पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. रेल्वेचे रूळ पुरविणारा हा कारखाना सार्वजनिक क्षेत्राचे भूषण मानला गेला आणि ते योग्यच होते. परंतु सार्वजनिक मालकी आली म्हणून रसायनशास्त्राचे नियम बदलत नाहीत.

कोक भट्टीत दगडी कोळसा हवेविना सुमारे एक हजार अंशांवर कित्येक तास भाजला जातो. कोळशातील नायट्रोजनचा एक भाग या वेळी अमोनिया बनतो आणि थोडा भाग हायड्रोजन सायनाइड. कोक भट्टीच्या वायूत अर्ध्याहून अधिक हायड्रोजन, सुमारे एक चतुर्थांश मिथेन आणि काही टक्के कार्बन मोनॉक्साइड असतो. सायनाइडचे प्रमाण त्या मानाने लहान असते. हा वायू थंड करून धुतला जातो तेव्हा फिनॉल, अमोनिया, थायोसायनेट आणि सायनाइड धुण्याच्या पाण्यात उतरतात. झोतभट्टीतही तप्त कोक, नायट्रोजन आणि खनिजातील पोटॅशियम व सोडियम यांपासून सायनाइड तयार होते आणि भट्टीचा वायू धुणाऱ्या पाण्यात त्याचा अंश येतो. त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड सुमारे पाव हिस्सा असतो. म्हणजे पोलाद कामगारापुढे दोन गुदमरविणारी विषे एकाच वेळी उभी असतात. त्यांत कार्बन मोनॉक्साइड हा रोजचा आणि मोठा शत्रू आहे. सायनाइड हे मुख्यतः कोक भट्टीच्या उपपदार्थ विभागात, सांडपाण्यात, टाक्यांत आणि साचलेल्या गाळात दबा धरून असते.

भारतीय नियमांनुसार कोक भट्टीच्या उपपदार्थ विभागातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात एका लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमपेक्षा अधिक सायनाइड आणि १ मिलिग्रॅमपेक्षा अधिक फिनॉल असता कामा नये. पिण्याच्या पाण्याची मर्यादा त्याहून कडक, ०.०५ मिलिग्रॅम, आहे. हे साधण्यासाठी सांडपाणी जैविक शुद्धीकरणातून न्यावे लागते. तेथील जिवाणू फिनॉल आणि सायनाइड अक्षरशः खाऊन टाकतात. परंतु हे जिवाणूही एक प्रकारचे कामगारच होत. त्यांना हवा, योग्य उष्णता आणि नियमित खाद्य लागते. विषाचा एकदम लोंढा आला की तेच मरतात आणि पुढे कित्येक दिवस पाणी अशुद्धच वाहते. उत्पादनाचा उच्चांक गाठण्याच्या घाईत शुद्धीकरण विभागाकडे दुर्लक्ष झाले, तर त्याची किंमत कारखान्याच्या भिंतीपलीकडील गावे मोजतात.

दोन तारखांचा धडा

१२ जून २०१४ रोजी भिलाईच्या कारखान्यात एका पंपगृहाच्या परिसरात झोतभट्टीचा वायू पसरला. वायू धुण्यासाठी जाणाऱ्या पाण्याचा दाब कोसळला होता. ज्या नळ्यांतून पाणी वायूकडे जावयाचे, त्याच नळ्यांतून वायू उलट दिशेने पंपगृहाकडे आला. सहा जण मरण पावले, त्यांत दोन उपमहाव्यवस्थापकही होते. तीसहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावे लागले. हा बळी सायनाइडने घेतला नाही, कार्बन मोनॉक्साइडने घेतला. तरीही या घटनेचा धडा दोन्ही विषांना सारखाच लागू आहे. पाणी हे तेथे केवळ धुण्याचे साधन नव्हते; ते वायूला अडवून धरणारे कुलूपही होते. कुलूप उघडले तेव्हा ज्या ठिकाणी वायूची अपेक्षाच नव्हती, तेथे माणसे मुखवट्याविना काम करीत होती.

९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक भट्टीच्या वायुवाहिनीवर देखभालीचे काम चालू असताना भडका उडाला. पहिल्याच दिवशी नऊ जणांच्या मृत्यूची बातमी आली आणि पुढील दिवसांत मृतांची संख्या दहाच्या पुढे गेली. कारखान्याच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला पदावरून दूर करण्यात आले. त्यानंतर ६ जानेवारी २०२१ रोजी राऊरकेल्याच्या पोलाद कारखान्यात विषारी वायूने चार जणांचा बळी घेतला. ते चौघेही कंत्राटी कामगार होते.

या घटनांत काही समान धागे आहेत. देखभालीचे काम हे उत्पादनापेक्षा अधिक धोक्याचे असते, कारण त्या वेळी बंद वाहिन्या उघडल्या जातात आणि नेहमीची कुलपे निघतात. हे काम अधिकाधिक प्रमाणात कंत्राटी कामगारांकडून करून घेतले जाते. कायम कामगाराला वीस वर्षांच्या अनुभवाने कोणत्या झडपेमागे काय आहे हे ठाऊक असते. काल आलेल्या आणि उद्या दुसऱ्या ठेकेदाराकडे जाणाऱ्या कामगाराला ते कोणी सांगितलेले नसते. स्वस्त श्रम म्हणून जे हिशेबात दाखविले जाते, त्यात न दिलेल्या प्रशिक्षणाची बचतही मिसळलेली असते.

उतारा आणि त्याचे राजकारण

सायनाइडवर उतारा नाही, हा समज खरा नाही. वेळेवर उपचार मिळाला तर रोगी वाचतो. शंभर टक्के प्राणवायू हा पहिला उपचार. त्यानंतर तीन प्रकारची औषधे आहेत. नायट्राइट रक्तातील काही हिमोग्लोबिनचे रूप बदलून त्यातील लोह सायनाइडला आमिष म्हणून पुढे करते. सायनाइड पेशीतील विकर सोडून तिकडे धावते. सोडियम थायोसल्फेट शरीराला गंधक पुरवून सायनाइडचे थायोसायनेट करण्यास मदत करते. हायड्रॉक्सोकोबालामिन हे ब जीवनसत्त्वाचे एक रूप सायनाइडला आपल्यात सामावून घेऊन लघवीवाटे बाहेर काढते.

येथे पोलाद कारखान्यातील वैद्यकीय पथकाने एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. नायट्राइटने रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते. ज्या रोग्याच्या रक्तात आधीच कार्बन मोनॉक्साइड भरला आहे, त्याला हे औषध दिल्यास उरलीसुरली वाहतूकही बंद पडण्याचा धोका असतो. अशा संमिश्र विषबाधेत प्राणवायू, थायोसल्फेट आणि हायड्रॉक्सोकोबालामिन हे अधिक सुरक्षित मार्ग मानले जातात. घरांना, कचेऱ्यांना लागणाऱ्या आगींतही हाच प्रश्न असतो. फोमच्या गाद्या, नायलॉन, लोकर जळली की धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असते. मुंबईत २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिल्सच्या आवारात लागलेल्या आगीत चौदा माणसे गेली, ती बहुतेक गुदमरून गेली. त्या आवारात एकेकाळी गिरणी कामगार राबत होते. गिरणी गेली आणि तेथे उपाहारगृहे आली, परंतु सुटकेची वाट मात्र रुंद झाली नाही.

उताऱ्याचा प्रश्न केवळ वैद्यकीय राहत नाही, हे भोपाळने दाखविले. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटले. हे द्रव्य म्हणजे सायनाइड नव्हे; त्याने मुख्यतः फुप्फुसे आणि डोळे जाळले. परंतु शवविच्छेदन करणारे डॉ. हिरेश चंद्र यांना मृतांचे रक्त आणि अवयव लालभडक आढळले आणि सायनाइडसारख्या विषबाधेची शंका पुढे आली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने थायोसल्फेटची चाचणी घेतली. औषध दिल्यावर रोग्यांच्या लघवीतील थायोसायनेट वाढले आणि अनेकांना आराम वाटला. फेब्रुवारी १९८५ मध्ये परिषदेने हे औषध देण्याची शिफारस केली. तरीही ते लोकांपर्यंत सरळपणे पोहोचले नाही. जून १९८५ मध्ये, हे इंजेक्शन देणाऱ्या जनस्वास्थ्य केंद्रावर पोलिसांनी धाड घातली आणि तेथील डॉक्टर व कार्यकर्त्यांना अटक केली. महाराष्ट्रातील डॉक्टरांचा मोठा सहभाग असलेल्या मेडिको फ्रेंड सर्कलने मार्च १९८५ मध्ये भोपाळच्या वस्त्यांत जाऊन स्वतंत्र पाहणी केली होती आणि थायोसल्फेटच्या मागणीला आधार दिला होता.

भोपाळमधील आजाराचा किती भाग सायनाइडमुळे होता, याबद्दल शास्त्रज्ञांत आजही मतभेद आहेत. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. ज्या औषधाने अपाय फारसा होत नव्हता आणि उपाय होण्याची आशा होती, ते औषध रोग्याला मिळावे की नाही, हा निर्णय रोग्याच्या खाटेजवळ झाला नाही. शरीरात सायनाइड होते असे मान्य करणे म्हणजे कंपनीचे उत्तरदायित्व वाढविणे, ही छाया त्या वादावर सतत पडलेली होती. विष कोणते हे सांगण्यास मालक नकार देतो तेव्हा डॉक्टरचा हातही बांधला जातो. माहितीचा अधिकार हा कामगाराच्या प्रथमोपचार पेटीतील पहिला पदार्थ आहे, तो यामुळेच.

उपयोग आणि लहान कारखाने

सायनाइडचा सर्वांत मोठा उपयोग सोन्यासाठी होतो. ग्लासगो येथे मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधू यांनी १८८७ साली ही रीत शोधली. सायनाइडच्या विरळ द्रावणात, हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने, दगडाच्या चुऱ्यातील सोन्याचा कणन्‌कण विरघळतो. कोलारच्या खाणींचा व्यवसाय या रीतीवर उभा राहिला. त्या खाणी फेब्रुवारी २००१ मध्ये बंद झाल्या, सोने गेले, आणि प्रक्रियेतील गाळाचे डोंगर मात्र कामगारांच्या वस्तीशेजारी राहिले. रुमानियात बाया मारे येथे ३० जानेवारी २००० रोजी सोन्याच्या कारखान्याच्या गाळाचा बांध फुटला. सुमारे एक लाख घनमीटर विषारी पाणी तिसा नदीतून डॅन्यूबपर्यंत गेले आणि शेकडो टन मासे मेले. चीनमधील त्यानजिन बंदरात ऑगस्ट २०१५ मध्ये ज्या गोदामात भीषण स्फोट झाले, तेथे सुमारे ७०० टन सोडियम सायनाइड साठविलेले होते.

याच द्रव्याचा इतिहासातील सर्वांत काळा उपयोग नाझी जर्मनीने केला. कपड्यांतील उवा मारण्यासाठी बनविलेले झायक्लॉन-बी हे हायड्रोजन सायनाइडचे औषध ऑशविट्झच्या छावणीत माणसांवर वापरण्यात आले. त्याचे पहिले बळी सप्टेंबर १९४१ मधील सोव्हिएत युद्धकैदी आणि आजारी कैदी होते. कारखान्याने माल पुरविला आणि नफा घेतला. एकच द्रव्य नायलॉनच्या आणि पारदर्शक प्लॅस्टिकच्या कच्च्या मालातही वापरले जाते. द्रव्याला पक्ष नसतो; ते हाताळणाऱ्या समाजसंबंधांना असतो.

महाराष्ट्रात सायनाइडचा कामगाराशी रोजचा संबंध येतो तो मुलामाकामात आणि पोलादाला कठीण करण्याच्या तप्त कुंडांत. पुणे–पिंपरी–चिंचवड, मुंबई–ठाणे, नाशिक, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) या पट्ट्यांत मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारी असंख्य लहान दालने आहेत. तांबे, चांदी, सोने यांच्या मुलाम्यासाठी आणि जुन्या पद्धतीच्या जस्त मुलाम्यासाठी सायनाइडची कुंडे लागतात. त्याच दालनात धातू स्वच्छ करण्यासाठी आम्लाचे कुंड असते. एक बादली चुकीच्या कुंडात पडली किंवा दोन्ही कुंडांचे सांडपाणी एकाच गटारात गेले, तरी विषारी वायू सुटतो. सायनाइड विरहित मुलाम्याच्या रीती जस्तासाठी बऱ्याच वर्षांपासून उपलब्ध आहेत. त्या स्वीकारल्या गेल्या तेथे धोका मुळातूनच दूर झाला. धोका आवरण्यापेक्षा धोका हटविणे श्रेष्ठ, हे सुरक्षाशास्त्राचे पहिले सूत्र आहे.

कायदा आणि कामगारांची जबाबदारी

भोपाळनंतर, १९८७ साली, १९४८ च्या कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. धोक्याची माहिती कामगारांना देणे मालकावर बंधनकारक झाले, सुरक्षा समितीत कामगारांना स्थान मिळाले, आणि तातडीचा धोका दिसल्यास तो निदर्शनास आणण्याचा हक्क कामगाराला मिळाला. भोपाळच्या हजारो मृतांनी हा हक्क कामगारवर्गाला मिळवून दिला, असेच म्हटले पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाना कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२० हिने घेतली आहे. जुन्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले की तो कारखाना ठरे. नव्या संहितेत ही संख्या वीस झाली आहे. मुलामाकामाची अनेक दालने नेमकी या दहा आणि वीसच्या दरम्यान असतात. विषाला कामगारांची संख्या मोजता येत नाही. कायद्याने ती मोजून त्यांना कारखान्याच्या व्याख्येबाहेर ठेवावे, ही विसंगती संघटनेने प्रत्येक व्यासपीठावर मांडली पाहिजे.

त्याचबरोबर काही गोष्टींसाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक विभागात कोणता वायू, कोणत्या वाहिनीत, किती दाबाने आहे, याचा नकाशा मराठी, हिंदी व छत्तीसगढी जाणणाऱ्या कामगाराला वाचता येईल अशा भाषेत भिंतीवर असावा. वायू मोजणारे यंत्र प्रत्येक टोळीजवळ असावे आणि त्याची तपासणी झाल्याची नोंद कामगार प्रतिनिधीने पाहावी. वाहिनी उघडण्यापूर्वी ती पक्की बंद केल्याचा, रिकामी केल्याचा आणि मोजून पाहिल्याचा लेखी परवाना असल्याविना काम सुरू करू नये. ठेकेदाराच्या कामगारालाही हाच नियम लागू असावा.

पडलेल्या सहकाऱ्याला वाचविण्यासाठी श्वसनयंत्राविना धावत जाणे हा या अपघातांतील सर्वांत करुण भाग असतो. एकामागून एक माणसे आत जातात आणि मृतांची संख्या वाढते. ओला रुमाल किंवा साधा मुखवटा येथे काहीही कामाचा नाही. स्वतंत्र हवेच्या टाकीचे श्वसनयंत्र लावलेल्यानेच आत जावे. इतरांनी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला सरकून घंटा वाजवावी. सायनाइडच्या रोग्याला तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नये; त्याचे भिजलेले कपडे काढून, अंग धुऊन, यंत्राने प्राणवायू द्यावा. कारखान्याच्या रुग्णालयात उतारे कोणते आहेत, किती आहेत आणि त्यांची मुदत संपलेली नाही ना, हा प्रश्न सुरक्षा समितीच्या प्रत्येक बैठकीत विचारला गेला पाहिजे.

मित्रहो, धाडसाला कामगारवर्गात कधीच तोटा नव्हता. परंतु विषारी वायूपुढे धाडस निरुपयोगी असते. तेथे ज्ञान, शिस्त आणि संघटना याच उपयोगी पडतात. धोकादायक परवान्यावर सही करण्यास एकटा कामगार नकार देतो तेव्हा त्याची नोकरी जाते; संपूर्ण पाळी नकार देते तेव्हा झडप दुरुस्त होते. भिलाईने देशाला रूळ दिले. त्या रुळांवर चालणाऱ्या देशाने भिलाईच्या कामगाराला, मग तो कायम असो वा कंत्राटी, पाळी संपल्यावर स्वतःच्या पायांनी घरी परतण्याची हमी दिली पाहिजे. ती हमी मागून मिळत नसेल, तर संघटित होऊन ती मिळविणे हे प्रत्येक युनियनचे वेतनवाढीइतकेच महत्त्वाचे कर्तव्य आहे.